हवेतलं भोक

"थोडी रुंदच करा," पुतणी म्हणाली. "म्हणजे पुढेमागे बाबांनाही वापरता येईल."

माप घेणारा माणूस माझ्यापुढे फरशीवर एक गुडघा टेकून बसला होता. चाकांच्या खुर्च्या मापावर बनवून देतात त्या दुकानातून तो आला होता. हाताचा सफाईदार, बोलायला गोड. "आजी, ताठ नका बसू. पाहुण्यांसमोर बसल्यासारख्या बसलात तर खुर्ची पाहुण्यांची होईल. घरात बसता तशा बसा," असं म्हणून त्याने मला हसवलंही होतं. कंबरेची रुंदी घेतली, मांडीची लांबी घेतली, कोपर दुमडायला लावून त्याची उंची घेतली. टेपची थंड पट्टी गुडघ्यामागच्या लवणीत टेकली तेव्हा माझं अंग आपोआप मागे रेललं, कोपरं बरगड्यांशी आली, हनुवटी छातीकडे गेली. "वा, तुम्हाला माप द्यायची सवय दिसते," तो म्हणाला. दोन्ही बाजूंना एकेक बोट मोकळं ठेवतो म्हणाला. जास्त ठेवलं तर माणूस खुर्चीत कलंडतो, पाठ वाकडी होते. आणि तेवढ्यात पुतणी ते बोलली.

"नाही," मी म्हणाले.

"काय नाही, काकू?"

"रुंद नाही. माझ्या मापाची."

"अहो, दोन-चार बोटांनी काय होतंय? बाबांचेही गुडघे आता गेलेच आहेत. एवढी चांगली वस्तू करतोय, तर..."

"तुझ्या बाबांना त्यांची वेगळी कर. ही माझ्या मापाची. नसेल जमत तर नको मला खुर्ची. सरपटत जाईन मोरीपर्यंत."

आवाज माझाच होता, पण एवढा मोठा कुठून आला कोण जाणे. त्या माणसाच्या हातून टेप सुटली आणि सर्रकन डबीत गेली. पुतणीचा चेहरा मार बसल्यासारखा झाला. गुणाची पोर आहे ती. हे गेल्यावर मला इथे घेऊन आली, स्वतःची आतली खोली दिली. माझी औषधं, माझी नखं, माझे पांढरे केस सगळं तीच बघते. ती काय वाईट बोलली होती? एका घरात दोन म्हातारी माणसं, एक खुर्ची. हिशेब चुकला कुठे? ती आत गेली. कपबशा जरा जोरात वाजल्या. मग फोनवरचा तिचा दबका आवाज, "नाही हो बाबा, मी आपलं सहज म्हटलं... हो, वय झालंय त्यांचं. तुम्ही नका मनावर घेऊ." माप घेणारा माणूस खाली मान घालून कागदावर आकडे लिहीत होता. जाताना दारात हळूच म्हणाला, "तुमचंच माप धरतो, आजी." त्याच्यावरही मला राग आला. एवढ्याशा गोष्टीसाठी माणसाला दया यावी, असं माझं काहीतरी दिसलं असणार.

तिचे बाबा म्हणजे माझे दीर. दोन गल्ल्या पलीकडे राहतात, मुलाकडे. त्यांच्या बाहेरच्या खोलीत, टीव्हीच्या वर, एक फोटो आहे. पांढरंफेक सपाट मैदान, त्यावर एक लांबुडकी, चिरुटासारखी गाडी. तिच्या नाकावर हात ठेवून भाऊजी उभे. काखेत हेल्मेट, दात दिसतायत. मागे आमचे हे, खाली वाकलेले, चाकाशी काहीतरी करताना. आणि अगदी कडेला एक कोपर आणि पाण्याच्या किटलीचा कान. पुतणी लहान असताना खुर्चीवर चढून त्या कोपरावर बोट ठेवायची. "बाबा, हा कोण?" भाऊजी म्हणायचे, "असेल कुणीतरी. गर्दी काय कमी होती तिथे?" मी तिथेच चहा पीत बसलेली असायची. खोटं बोलायचे असंही नाही. त्यांना खरंच आठवत नसावं. "बाबांची गाडी" हे त्या घरातलं एक वाक्य आहे. मुलांच्या शाळेत, पाहुण्यांत, लग्न जुळवताना, सगळीकडे ते बोललं गेलं. पहिली गाडी, आपल्या हातांनी बांधलेली, बाबांनी पळवली.

शर्यत म्हटलं की लोकांना वाटतं पाच-पन्नास गाड्या, वळणं, एकमेकींना ढुशा. ही तशी नव्हती. शहरापासून दिवसभराच्या वाटेवर एक खारं तळं होतं. उन्हाळ्यात ते आटायचं आणि तळ असा टणक व्हायचा की काठी आपटली तर खणकन वाजावी. वर्षातून एकदा हौशी लोक तिथे जमायचे. एका वेळी एकच गाडी सोडायची, सरळ, नजर पोचेल तिथपर्यंत सरळ, आणि मधल्या ठरलेल्या टप्प्यात तिचा वेग मोजायचा. पुढे कोणी नाही, मागे कोणी नाही. भांडण काय ते हवेशी. लहान इंजिनांच्या गटात एक जुना आकडा होता, तो मोडायचा हे ह्यांनी मनात घेतलं. हे बसच्या वर्कशॉपमध्ये फिटर. पहाटेची पाळी, दुपारी घरी. बोलणं इतकं कमी की शब्द म्हणजे जणू नट-बोल्ट. लागला तर एक काढायचा, काम झालं की पुसून परत डबीत. लग्न होऊन बरीच वर्षं झाली होती, मूल नव्हतं, आणि त्या डबीतला माझ्या वाटणीचा शब्द कुठला हे मला अजून कळलं नव्हतं. एका दुपारी घरामागच्या पत्र्याच्या शेडमध्ये मी चहा घेऊन गेले तर त्यांनी मला थांबवलं. भंगारातून आणलेलं मोटरसायकलचं इंजिन पाटावर ठेवलं होतं. म्हणाले, "हे मोठं नाही करता येत. नियम आहे. मग काय करायचं?" मला विचारत होते. मी म्हटलं, "मग बाकीचं लहान करायचं." त्यांनी माझ्याकडे असं पाहिलं की मी कपाळावर काही लागलंय का बघितलं. "बरोबर," ते म्हणाले. "गाडी म्हणजे हवेत पाडायचं भोक. जेवढं लहान भोक, तेवढी कमी मारामारी."

भोक लहान किती? तर आत बसणाऱ्या माणसाएवढं. गाडी आधी बांधून तिच्यात माणूस बसवायचा नसतो. माणूस बसवायचा आणि त्याच्याभोवती गाडी बांधायची. माणूस ठरलेलाच होता. भाऊजी तरुणपणापासून मोटरसायकली पळवायचे, पडायचे, उठायचे, पुन्हा पळवायचे. पण ते शिवणयंत्रांच्या कंपनीत फिरते विक्रेते. सोमवारी गेले की रविवारी उगवायचे, आणि रविवारी त्यांना मित्र असायचे. काम दुपारचं, रोजचं. हे शेडच्या दारात उभे राहून विचार करत होते आणि मी दोरीवरचे कपडे काढत होते. म्हणाले, "अगं, तू बस. तो काय, तू काय, उंचीला सारखेच." आम्हाला कधीतरी गमतीत दाराशी पाठीला पाठ लावून उभं केलं होतं, तेव्हा दोघांची डोकी एका रेषेत आली होती. तेवढ्यावर. ज्या माणसाच्या हातून दोरा इकडचा तिकडे व्हायचा नाही, त्याने तेवढ्यावर मला फळीवर बसवलं.

ह्यांची जुनी पँट घालून मी बसले. पाठीशी तिरकी फळी, पाय पुढे लांब, गुडघे किंचित वर. दुपारचं ऊन दारातून आत यायचं तेव्हा माझ्या मागे एक मोठा पुठ्ठा उभा करून त्यावर पडलेल्या माझ्या सावलीभोवती त्यांनी पेन्सिल फिरवली. तो आकार कापला. मग मी कोपरं आणखी आत घेतली, मान खाली घातली. दुसरा पुठ्ठा, दुसरा आकार. सगळे आकार स्वयंपाकघरातल्या तराजूत तोलायचे. ज्याचं वजन कमी त्याचं भोक लहान. सासूबाई भाजी निवडत बसलेल्या असायच्या. "आज पुठ्ठा शिजवणार का गं?" मग लोखंडी पाइप वाकवायची वेळ आली. पोकळ पाइप तसाच तापवून वाकवला की चेपतो. आत कोरडी वाळू ठासून भरली की गोल राहतो. ती वाळू चाळायची आणि कढईत भाजायची हे काम माझं. "चवीला मीठ घाल हो," सासूबाई म्हणायच्या. "आणि अशी बसून असतेस तिथे तासन्‌तास खुडूक कोंबडीसारखी, तेवढं बसून एखादं अंडं तरी दे या घराला." हे ऐकू आलं तरी हातोडी थांबायची नाही. मला वाटायचं एकदा तरी थांबावी.

पण खरं सांगायचं तर मला सासूबाईंचं तेव्हा काही लागत नव्हतं. झाडूच्या काठ्या आणि तारांनी त्यांनी माझ्याभोवती आधी एक खोटी गाडी उभी केली. मी आत. ते बाहेरून विचारायचे, "कोपर?" मी म्हणायचे, "लागतंय." काठी केसभर सरकायची. "आता?" "हं." "मान किती वेळ टिकेल अशी?" "टिकेल." गिअरची कांडी उजवीकडे होती, मी म्हटलं डावीकडे घ्या, उजवा हात स्टिअरिंगच्या चाकावरून उचलला की खांदा वळतो. त्यांनी घेतली. पायांच्या पट्ट्यांचा तिरपेपणा मी सांगितला. मला कळत होतं, कारण माहेरी आमच्या लॉन्ड्रीची गाडी लग्न होईपर्यंत मीच चालवायची. हॉटेलांच्या चादरींची गाठोडी घेऊन शहरभर. त्यांनी ते कधी विचारलं नव्हतं, मी कधी सांगितलं नव्हतं. त्या काठ्यांच्या पिंजऱ्यात बसून मी सांगितलं आणि ते हसले. टेप घेऊन ते माझ्या खांद्यापासून मनगटापर्यंत, कंबरेपासून टाचेपर्यंत यायचे. बोटांना ग्रीस आणि खडूचा वास. इतक्या वर्षांत त्यांनी मला इतकं नीट कधी पाहिलं नव्हतं. माझा डावा खांदा उजव्यापेक्षा किंचित खाली आहे हे मला त्यांनी सांगितलं, आणि पाइप त्याप्रमाणे खाली घेतला. कुठल्या बाईसाठी कुठल्या पुरुषाने लोखंड वाकवलंय असं? आज हे लिहिताना मला माझी कीव येते आणि रागही येतो, पण त्या दुपारी मी सुखी होते. ते सुख पाइपचं होतं का नवऱ्याचं, वेगाचं का नुसतं कुणीतरी मोजल्याचं, हे मी कधी वेगळं करू शकले नाही. डोळे मिटून मी गिअर बदलायचे. पाठीमागे इंजिन नव्हतंच, पण मला ते माकडहाडात ऐकू यायचं. गाडी माझी नाही हे मला ठाऊक होतं. माझी आहे असं कुणी कधी म्हटलंही नव्हतं. पण अंगाला ही गोष्ट कोण समजावणार? अंगाभोवती रोज बोटभर बोटभर एक वस्तू उभी राहत होती, आणि अंगाला एवढंच कळत होतं की ही आपल्याला बरोबर बसते.

रविवारी भाऊजी यायचे, स्टुलावर बसायचे, शेंगदाणे खायचे, गावोगावच्या गिऱ्हाइकांच्या नकला करायचे. आम्ही पोट धरून हसायचो. "वहिनी, तुम्ही माझ्या बदली कामगार," म्हणायचे. "पगार मागू नका, म्हणजे झालं." भाऊजी वाईट नव्हते. हेच तर वाईट. वाईट असते तर गोष्ट सोपी झाली असती.

सांगाडा जोडून झाला. डोक्यावरची कमान, पाठीमागची आग अडवणारी भिंत, सगळं पक्कं झालं. वाळूच्या पिशवीवर लाकडी हातोडीने ठोकून ठोकून अॅल्युमिनियमचे पत्रे गोल केले, ते बसले. एका रविवारी ह्यांनी भाऊजींना म्हटलं, "चल, बस बघू." भाऊजींनी पाय टाकले, कंबर उतरली, आणि खांद्यांशी येऊन माणूस अडकला. आधी हसले. "अरे, श्वास सोडतो, थांब." श्वास सोडला. एक हात वर करून तिरके झाले. मग हसणं थांबलं. पाइपचं टोक दंडाला लागलं, शर्ट फाटला. उंची सारखी होती हो. पण उंचीने काय होतं? ते बाहेर आले आणि दंड चोळत उभे राहिले. ह्यांचा चेहरा मी आजपर्यंत विसरले नाही. चुकल्याचा नव्हता तो. दुसऱ्याच्या खिशात गेलेला हात कुणी पकडावा तसा होता. का मला तसं वाटलं, कोण जाणे. ते म्हणाले, "तू बस बघू." मी चपला काढल्या आणि आत गेले. म्यानात पातं जावं तशी गेले. कुठे काही लागलं नाही, कुठे काही उरलं नाही. आत बसल्या बसल्या मी म्हटलं, "मी चालवते."

भाऊजी हसले, पण तोंडभर नाही. "वहिनी, ही लॉन्ड्रीची गाडी नाही हो."

"ठाऊक आहे. मला हिचं सगळं ठाऊक आहे. तुम्हाला गिअर कुठल्या बाजूला आहे तेही ठाऊक नाही."

"ऐकलं का रे दादा? मला शिकवतायत."

सासूबाई दारातून म्हणाल्या, "आणि उलटली म्हणजे? लोक काय म्हणतील? स्वतः मागे राहिले आणि बाईला पुढे घातली. पोरगं नाही, बाळ नाही, तीही जायची. फरक तो काय, चार बोटांचा. कापा आणि जोडा. कपड्याला ठिगळ लावतोच की आपण."

ह्यांनी सगळ्यांचं ऐकून घेतलं. फडक्याला हात पुसले. म्हणाले, "बघू."

त्या एका शब्दावर मी तो आठवडा काढला. भांडी घासताना बघू, कपडे वाळत घालताना बघू. त्यांनी नाही म्हटलं नव्हतं. न बोलणाऱ्या माणसाच्या तोंडून बघू म्हणजे काय थोडं झालं? त्या आठवड्यात भाऊजींनी रजा घेतली आणि खाणं तोडलं. सासूबाई त्यांचं ताट अर्धं करायच्या आणि वाढायचं काम मला. मी वाढायचे. भुकेला माणूस आणि तो ताटाकडे बघतोय. मी अर्धं वाढून उठायची. "वहिनी, तुम्ही मनातून खूश असाल," ते एकदा म्हणाले, आणि मी म्हटलं, "खांदा हाडांचा असतो, भाऊजी. उपाशी राहून तो आत जात नाही." त्यांनी पाण्याचा पेला खाली ठेवला. घरात सगळ्यांनाच ते ठाऊक होतं. पण कुणीतरी म्हणेपर्यंत आपण तिकडे न बघितलेलं बरं, अशी आमच्या घराची रीत होती, आणि म्हणणारी मीच निघाले.

पुढच्या रविवारी भाऊजी पुन्हा बसायला गेले, पुन्हा अडकले. ह्यांनी थोडा वेळ त्या सांगाड्याकडे पाहिलं. मग माझ्याकडे न बघता हात पुढे केला. "अगं, ती करवत दे."

मी दिली. कुणी म्हणेल का दिलीस. हात पुढे आला की त्यात मागितलेली वस्तू ठेवायची, हे इतकं अंगात मुरलेलं असतं की वस्तू काय आहे हे नंतर कळतं. वर म्हणाले, "जरा धर गं, हलतोय." मी पाइप धरला. डाव्या खांद्याजवळचा, खाली घेतलेला. करवतीचा थरथराट मनगटातून दातांपर्यंत आला. भुगा चपलेवर पडत राहिला. चार बोटं तोडून मध्ये नवीन तुकडे जोडले, तशी कमान बदलली, तसे पत्रे बदलले, नाक बोथट झालं, पाठीवर एक फुगवटा आला. शेवटी त्यांनी सवयीने नवा पुठ्ठा कापला आणि तराजूत टाकला. काटा थांबेपर्यंत पाहिलं. पुठ्ठा दुमडून कचऱ्यात टाकला. मी विचारलं, "किती?" म्हणाले, "तराजू बिघडलाय." त्या तराजूवर मी पुढे कितीतरी वर्षं डाळ-तांदूळ तोलले. कधी चिमटीएवढाही फरक आला नाही.

कितीदा मी ते उलटंसुलटं करून पाहिलंय. असा माणूस मापात चुकेल? भावाचा कोट खुंटीला लटकत असायचा; नुसती टेप लावली असती तरी पुरे होतं. मग त्यांना तो भोकाचा हव्यास होता का? लहान, आणखी लहान. त्या हव्यासापायी आत कोण बसणार हे त्यांनी जाणूनबुजून विसरून टाकलं का? की मनाच्या तळाशी कुठेतरी ती गाडी माझ्यासाठीच होती आणि पुरुषांसमोर ते सांगायची हिंमत झाली नाही? की ह्यातलं काहीच नाही, मी फक्त दुपारी रिकामी असणारी एक फळी होते? शेवटच्या आजारात त्यांची पाठ पुसताना मी विचारलं. "अहो, तेव्हा भाऊजींचं माप का नाही घेतलं?" त्यांना विचारलेलं लगेच कळलं, इतक्या वर्षांनी, कुठली गाडी असंही विचारलं नाही. म्हणजे तेही तिथेच कुठेतरी घुटमळत होते. म्हणाले, "तू होतीस ना." आणि कूस बदलली. ह्यातून काय घ्यायचं माणसाने? मी घेतलं नाही. पाठ पुसून झाली, पांघरूण घातलं, झालं.

तळ्यावर आम्ही वर्कशॉपमधल्या कुणाचा तरी ट्रक मागून घेऊन गेलो. इतकं पांढरं मी कधी पाहिलं नव्हतं. डोळे मिटले तरी आत पांढरंच. भाऊजी गाडीत उतरले, आता सहज उतरले. त्यांचे पट्टे मी आवळले, कारण बकल कुठे ठेवलंय ते मलाच ठाऊक होतं. "वहिनी, आशीर्वाद द्या," म्हणाले. दिला. खरंच दिला, माणूस आत होता. मग गाडी गेली. आधी लहान झाली, मग उन्हाच्या लाटेत जमिनीपासून सुटली, मग नुसता आवाज राहिला. तो आवाज मला पाठीच्या कण्यात ठाऊक होता. एका ठिकाणी तो वर चढायचा थांबला. इंजिन जीव तोडत होतं आणि काहीतरी त्याच्या छातीवर हात ठेवून उभं होतं. ह्यांनाही ते ऐकू आलं. त्यांनी डोक्यावरची टोपी काढली आणि पुन्हा घातली. घड्याळवाल्याने आकडा सांगितला. जुना आकडा थोडक्यात मोडायचा राहिला होता. "पहिल्या गाडीला हे फारच झालं," तो म्हणाला. "पण एवढ्याशा इंजिनाला खांदे जरा मोठेच झाले, नाही का?" मग तो फोटो निघाला.

गाडी परत ओढून न्यायची होती. ओढताना आत चाक धरायला कुणीतरी लागतं. भाऊजींना लोकांनी घेरलं होतं. हे म्हणाले, "तू बस." मी बसले. माझ्या मापाची गाडी मला सैल झाली होती. दोन्ही बाजूंना जागा, पाठ टेकेना, दोराला हिसका बसला की मी आत कवडीसारखी खुळखुळायची. पायाखालच्या पट्ट्या तेवढ्या माझ्या होत्या, आणि डावीकडची कांडी. ट्रकच्या मागे दोराला बांधलेली मी, माणसाच्या चालीने, तोंडावर सगळी पांढरी धूळ. हे ट्रक चालवत होते. आरशात त्यांना मी दिसत असणार. मी गिअरच्या कांडीवर हात ठेवला होता, काही कारण नसताना.

घरी निघालो ते तिघं पुढे, ट्रकच्या एका बाकावर. हे चाकावर, भाऊजी खिडकीशी, मध्ये मी. भाऊजींचा दंड माझ्या दंडाला लागून होता, अजून घामाने ओला. मला त्यांचीही दया येत होती. सगळ्यांनी पाठ थोपटली होती आणि ते हरले होते, आणि का हरले ते त्या बाकावरच्या तिघांनाही ठाऊक होतं. मग ह्यांनी माझ्या डोक्यावरून भावाला म्हटलं, "पुढच्या वर्षी अजून चार बोटं वाढवू. तुला हात हलवायला जागा मिळत नव्हती."

"हो रे दादा," भाऊजी म्हणाले. "मी तेच सांगणार होतो." त्यांनी खिडकीबाहेरचा हात आत घेतला, अंग सैल केलं. "वहिनी, जरा सरकता का? अवघडलंय."

एका बाजूला त्यांचा खांदा होता, दुसऱ्या बाजूला ह्यांचा. सरकायला जागा नव्हती. मी कोपरं बरगड्यांशी घेतली, हनुवटी छातीला लावली, आणि सरकले.